सकाळचं कॉलेज

तत्त्व

जो दुसऱ्याच्या जागेत त्याच्या परवानगीशिवाय शिरतो, तो अतिक्रमण करतो.

तळपदे वकिलांनी चष्मा कपाळावर सारला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. प्रतिज्ञापत्राचे कागद उचलताना खालची सराव प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती आली होती. टेबलामागे अनुजाची बोटं लॅपटॉपवर थांबली. धोबीतलावजवळ कोर्टाच्या गल्लीत, जिन्याखालच्या या टेबलावर ती एकोणीस वर्षं वकिलांचं टायपिंग करत होती. कुणाचा कागद कुणाला दिसू द्यायचा नाही, ही तिची ख्याती. आज स्वतःचाच झाकायचा राहिला.

"हे काय, अनुजाबाई?"

"लॉच्या प्रवेशपरीक्षेचं आहे साहेब. भाचीचं. माझ्या पिशवीत राहिलं."

"तीन वर्षांच्या कोर्सचं. म्हणजे ग्रॅज्युएट आहे?"

"झाली. सावकाश झाली."

वस्तुस्थिती

'अ'च्या अंगणात 'ब' रोज सकाळी टेबल टाकून बसतो. 'अ' ते बघतो, पण काही बोलत नाही.

"यात भाचीचं उत्तर चुकलंय," तळपदे म्हणाले. "परवानगी कुठे लिहिलेली नाही. म्हणजे अतिक्रमण. सरळ आहे."

"पण 'ब' किती वर्षं बसतोय?"

"ते दिलेलं नाही."

"आणि 'अ' त्याच्याकडून कधी चहा प्यायला असेल तर?"

"अहो, दिलेलं नाही ते विचारायचंच नाही. या परीक्षेची गंमतच ती आहे."

"विचारायचंच नाही, तर मग वकील कशाला?"

तळपद्यांनी चष्मा खाली घेतला. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीची बारीक फुली होती आणि फुलीभोवती गोल. पक्षकाराने सही कुठे करायची, हे दाखवायला अनुजा त्यांच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्रावर तशीच खूण करायची. त्यांची नजर त्या फुलीवर थांबली, तशी तिने सहज केल्यासारखा हात कागदावर ठेवला.

परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. खरं घरीदेखील कुणाला माहीत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती स्वतः नापास झालीच, तर लोकांच्या लेखी भाची नापास होईल.

प्रश्न

"कॉलेज कुठलं घ्यावं साहेब? तिने?"

हे ती महिनाभर सगळ्यांनाच विचारत होती. टायपिंग होईपर्यंत वकिलांना टेबलापाशी ताटकळावंच लागतं. ज्याला विचारावं तो आपलंच कॉलेज सांगायचा. तिथले मास्तर, तिथलं कँटीन, सगळं सांगून झालं की म्हणायचा, पण भाचीला म्हणावं, ही लाइन नको.

"मी सकाळचं केलं," तळपदे म्हणाले. "वडील गेले होते, दिवसा नोकरी होती. सात ते साडेदहा. तिथून धावत ऑफिस."

"साडेदहा?" अनुजा म्हणाली. "दहाच्या आत सुटणारं कुठलं नाही?"

पर्याय

(अ) सकाळचं. सुटतं साडेदहाला.

(ब) दुपारचं. म्हणजे टायपिंग बंद.

(क) पुण्याचं. ते भाचीसाठी.

(ड) वरीलपैकी एकही नाही.

गल्लीचं तत्त्व कुठल्या पुस्तकात नव्हतं. दहाच्या आत ज्याचं टेबल मांडलेलं, जागा त्याची. मांडलेल्या टेबलामागे माणूस मात्र हवा. जिन्याखाली ऊन येत नाही, पाऊस येत नाही, आणि वरचा झेरॉक्सवाला प्रिंटरला वायर सोडतो. म्हणून टायपिंगवाला स्वप्नील रोज पावणेदहालाच घडीचं टेबल काखेत धरून समोर उभा राहायचा. अनुजा दिसली की हसायचा. "आलात का ताई? मला वाटलं, आज नाही येत."

एकोणीस वर्षांत एकदाच ती आली नव्हती. तेव्हा जागा परत मिळवायला तिला चार दिवस पहाटे येऊन बसावं लागलं होतं.

"दहाच्या आत सुटणारं नाही," तळपदे म्हणाले. "भाचीला दहाच्या आत कुठे पोचायचं असतं?"

अनुजाने प्रिंटरमधून शेवटचं पान ओढलं. सहीच्या जागी फुली केली, तिच्याभोवती गोल काढला.

"ते दिलेलं नाही, साहेब."

तळपदे हसले नाहीत. त्यांनी कागद घेतले, पण कोर्टाकडे वळले नाहीत. पक्षकारांसाठीचं स्टूल पायाने ओढून ते बसले. मग अंग चोरून जिन्याखाली आणखी थोडे आत सरकले आणि डोक्यावरच्या पायऱ्यांकडे, झेरॉक्सवाल्याच्या वायरकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत या बाजूने त्यांनी गल्ली कधी पाहिली नसावी. समोर स्वप्नील मान वाकडी करून बघत होता.

"बरं वाटतं हो इथे," ते म्हणाले. "हल्ली मला पहाटेच जाग येते. गिरगावातून चालत निघालो तर नऊला इथे. कोर्ट उघडेपर्यंत करायला काही नसतं." त्यांनी बॅग उचलून तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. "समजा, 'ब'च्या टेबलामागे 'क' रोज सकाळी येऊन बसला. पेपर वाचत. साडेदहा-पावणेअकरापर्यंत. तर ते अतिक्रमण होईल का?"

अनुजाने प्रश्नपत्रिकेवरचा हात काढला.

"किती वर्षं बसणार?"

"तीन," तळपदे म्हणाले.