टेर्नेविकचा परवाना

ट्रोन्डने खिशातून एक पत्र काढलं आणि परवाना कचेरीतल्या टेबलावरून इंगुनकडे सरकवलं.

पत्र चार ओळींचं होतं. आपल्या मुलावर, एस्पेनवर, चित्रपट काढायला आपली काही हरकत नाही. खाली आर्विदची सही. तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची सही इंगुन परक्या माणसाच्या हातून आलेली बघत होती.

"काल त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो," ट्रोन्ड म्हणाला. ऑस्लोचा हा दिग्दर्शक कालच उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटावर उतरला होता. बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर बसून तो हळू आवाजात बोलत होता. "ते स्वतः येणार आहेत आमच्याबरोबर. बाप बर्फावर उभा राहून मुलाशी बोलतो, एवढाच प्रसंग. बाकी सील, त्यांची पिल्लं. अस्वल आलंच तर अस्वल."

"टेर्नेविक बंद आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. विशेष परवाना तुम्हाला देता येतो. कचेरीचं माणूस सोबत लागतं, तेही माहीत आहे मला." तो जरा थांबला. "तुम्हीच चला ना, इंगुन. तुम्ही तरी कुठे गेला आहात तिथे त्यानंतर?"

ती गेली नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एस्पेन टीव्हीच्या लोकांना घेऊन टेर्नेविक खाडीत गेला होता, वाटाड्या म्हणून. खाडी गोठलेली होती. हिमनदीच्या कड्याखाली पिल्लाला पाजणारी सील त्या लोकांना जवळून टिपायची होती. कड्यापासून दोनशे मीटर लांब राहायचा नियम होता. त्यांच्या परवान्यावर ऐंशी लिहिलं होतं. दुपारी कडा कोसळला. बर्फ फुटला आणि सगळ्यात पुढे असलेला एस्पेन स्नोस्कूटरसकट खाली गेला. तो सापडलाच नाही. मागच्या माणसाचा कॅमेरा मात्र चालू राहिला होता. ती अकरा सेकंदं जगभर दाखवली गेली.

मग खाडी बंद झाली. पर्यटकांना, कॅमेऱ्यांना, अगदी नातेवाइकांनाही. तो नियम इंगुननेच लिहिला होता. आर्विदने दोनदा अर्ज केला, दोनदा तिने नाकारला. गावात तिच्या माघारी म्हणत, बाई दगडाची आहे.

एकदा जाऊन यावं, तिला वाटलं. अधिकारी म्हणून गेलं तर कुणी विचारणारही नाही. कड्याजवळ पाच मिनिटं उभं राहावं, बस्स. तिने पेनाचं टोपण काढलं.

"कड्याच्या किती जवळ जाणार?" तिने विचारलं.

"शंभर मीटर. फार तर नव्वद. लांबून तो कडा अंगावर आल्यासारखा दिसत नाही हो."

तिने अर्जावर नामंजूर असं लिहिलं, तारीख घातली, सही केली.

ट्रोन्डने तो कागद उचलून घेतला. "त्यांना काय सांगू मी?"

"मी सांगते," इंगुन म्हणाली.

ती तीनला घरी आली. फेब्रुवारीतला तो निळसर उजेड अजून टिकून होता. आर्विद ओट्यापाशी माशाच्या सूपसाठी गाजरं चिरत होता. तो केस कापून आला होता.

"कधी निघायचं म्हणतोय?" त्याने विचारलं.

"नाही निघायचं. मी परवाना नाकारला."

आर्विदने सुरी खाली ठेवली. सूप ढवळलं. मग तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"माझ्याच बायकोकडे मला अर्ज करावा लागतो. ठीक आहे, केले. पण त्या ब्रेक्केने टीव्हीवाल्यांना खूश करायला एका दिवसात अंतर कमी करून दिलं. परक्यांना दिलं. आणि तू मला माझ्या पोरापर्यंत जाऊ देत नाहीस."

ब्रेक्के त्या वेळी कचेरीचा प्रमुख होता. आर्विद आणि तो वीस वर्षं एका होडीत मासे धरायला जात. चौकशीच्या अहवालात कुणा माणसाचं नाव नव्हतं, पण जबाबदारी माझी, असं ब्रेक्के सगळ्या गावासमोर म्हणाला. एस्पेनच्या शोकसभेला तो आला तेव्हा आर्विदने त्याला चर्चच्या पायरीवरून परत पाठवलं. त्याच उन्हाळ्यात ब्रेक्के बेट सोडून गेला.

"ब्रेक्के त्या आठवड्यात इथे नव्हता," इंगुन म्हणाली. तिने अजून कोट काढला नव्हता. "मुख्य भूमीवर, ट्रोम्सोला होता. त्याच्या खुर्चीवर मी होते."

आर्विद वळला नाही.

"एस्पेन स्वतः कागद घेऊन आला होता. पहिलंच मोठं काम होतं त्याचं. म्हणाला, आई, दोनशे मीटर म्हटलं तर ते दुसरा वाटाड्या बघतील. मी म्हटलं, एप्रिलमध्ये कडा सहसा हलत नाही. आणि लिहून दिलं." तिचा आवाज सपाट होता. "ब्रेक्के परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मला म्हणाला, तुझा मुलगा गेलाय, तू काही बोलू नकोस. मी नाही बोलले."

सूप उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. आर्विदने ती बंद केली, फडकं घेतलं आणि सांडलेलं पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेरचा निळा उजेड गेला, रस्त्यावरचे दिवे लागले. इंगुन दाराशी तशीच उभी होती. आता तो काय बोलेल ते ती सहा वर्षं रोज मनात ऐकत आली होती.

बऱ्याच वेळाने त्याने फक्त ब्रेक्केचा फोन नंबर मागितला.