बंडीतलं यंत्र

लहान मुलं बोलायला कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या बाईने दोन वर्षांच्या लिंबानीच्या बंडीच्या खिशात काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं. तीन दिवस ते घरातलं सगळं बोलणं टिपणार होतं.

बाईची पाठ वळताच आजी एनिफाने लेकीला मक्याच्या कणगीआड ओढलं. "पोरगं कसं बोलतं हे ऐकायला थेट राजधानीतून, लिलाँग्वेहून गाडी करून कोण येतं गं? तुझ्या बापाला जाऊन चार वर्षं झाली, तरी त्याच्या नावावर आपण खताची सरकारी कुपनं उचलतो. त्याचा माग काढतायत. ती बंद झाली तर मका काय नुसत्या मातीवर पिकवशील?"

"मग नाही म्हणायचं होतंस, आई."

"म्हणजे लगेच संशय आला असता. नवऱ्याला सांग, पोराच्या आसपास तोंड उघडायचं नाही."

तीन दिवस जावयाने जेवणातली मक्याच्या पिठाची न्सिमासुद्धा खुणा करून वाढून घेतली. यंत्रात बोलला तो एकटा लिंबानी, आणि अधूनमधून शेळ्या.

महिन्याभराने बाई परत आली, ती गंभीर चेहऱ्यानेच. मुलाशी जितकं बोलावं तितकी त्याची भाषा वाढते, आणि या घरात त्याच्याशी कोणी चकार शब्द बोलत नाही, असं तिने हळुवारपणे समजावलं.

 

सोमवारपासून तिची एक कार्यकर्ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात बसणार होती, सगळ्यांना बोलतं करायला.