रांगोळीतली चाकोरी

नूतनचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. उद्याच्या जंगलातल्या शर्यतीसाठी तिची जीप एकदाची चार इंच उंच झाली होती. पण उंच होताच मागचा अ‍ॅक्सल, मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, दोन बोटं डावीकडे सरकला, आणि गोकुळ रोडवरच्या आपल्या गॅरेजात परसूअण्णा सकाळपासून त्याला गाडीच्या सांगाड्याशी बांधणारा आडवा रॉड फिरवून तो मधोमध आणत होते.

अण्णांची परीक्षा जगावेगळी होती. आवारात रांगोळी चाळायची आणि तिच्यावरून जीप सरळ न्यायची. मागची चाकं पुढच्यांच्याच ठशांवरून गेली, तर काम चोख.

"हां अक्का, सोड गाडी!"

नूतनने जीप फाटकापासून आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली, बंद केली आणि खाली उडी मारली. पांढऱ्याशुभ्र रांगोळीत दोनच चाकोऱ्या, अगदी सुतात!

"अण्णा, जमलं!" ती ओरडली आणि डाव्या चाकोरीच्या बाहेरच्या काठाला तळहात टेकून कौतुकाने वाकली.

अण्णा फाटकाकडे बघत होते. "गाडी बंद हाय न्हवं, अक्का?"

"ही काय किल्ली, माझ्या मुठीत!"

फाटकाजवळ दोन्ही चाकोऱ्या डावीकडे दोन बोटं रुंद झाल्या होत्या, अ‍ॅक्सल सरकला होता अगदी तेवढ्याच. तिथली रांगोळी आपोआप दबत होती, सावकाश, टायरच्या नक्षीसकट, आणि ते दबणं सरळ नूतनकडे येत होतं.

"हात काढ!" अण्णा किंचाळले.

नूतनने हात ओढला. तो हलेना. तिच्या बोटांवर टायरची नक्षी उमटायला लागली होती.