ईस्टरला दहा दिवस असताना

ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून ओकसुन वर्षभर दर गुरुवारी चर्चच्या वर्गाला गेली होती. बाप्तिस्म्यात घ्यायचं अगाथा हे नाव ठरलं होतं, डोक्यावर घ्यायची पांढरी जाळीची ओढणीही आणून झाली होती. मग पोट दुखायला लागलं आणि तिला चुनचॉनच्या इस्पितळात ठेवलं. साधा अल्सर आहे, ईस्टरच्या आत घरी जाशील, असं तिची लेक मीरान रोज सांगायची.

आज फादर युन पाण्याचं भांडं घेऊन तिच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले.

"त्या रात्री चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नसते, आई," ओढणीची घडी उलगडत, तिच्याकडे न बघता मीरान म्हणाली. "म्हणून फादर म्हणाले, तुझं आजच उरकून घेऊ."

ओकसुन हळूहळू उठून बसली.

"फादर, वर्गाच्या परीक्षेत तुम्ही मला विचारलं होतंत, ईस्टरपर्यंत न थांबता बाप्तिस्मा कोणाला देतात."

फादरांची नजर भांड्यातल्या पाण्यावर गेली.

"ज्याच्या हातात तेवढे दिवस नाहीत त्याला, असं मी सांगितलं." तिने डोकं पुढे वाकवलं. "तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिले होतेत."