कपाटाच्या वर

“तिसरी ओळ बघा, काका. डोळे हलवू नका.”

घड्याळवाल्या काकांनी श्वास रोखून तिसरी ओळ धरली. कॉम्प्युटरच्या पडद्याखालच्या कॅमेऱ्याने त्यांची नजर टिपली आणि यंत्राने कानात खणखणीत वाचून दाखवली ती पहिली ओळ. चौथ्यांदा!

“नजर जिथे असेल तेच हे वाचतं,” यंत्र बसवायला आलेली मुलगी म्हणाली. “तुम्ही वरतीच बघताय.”

“वर बघितलं तरच खालचं दिसतं गं. थेट बघायला जावं तर नुसता काळा डाग.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!” ती हसली आणि यंत्राला दोन ओळी खालचं वाचायला लावू लागली.

आधी सांगायचं म्हणे! जन्मभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे काटे बसवलेला माणूस, दिसत नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार? दुकान बंद केलं तेही गुडघ्यांचं निमित्त सांगून. लेकीलासुद्धा थांगपत्ता लागू दिला नाही. आठ महिन्यांपूर्वी ती न्यायला आली, तर ‘मी इथेच बरा’ म्हणून मोकळे झाले. ती तणतणत गेली. मागून तिचं एक पत्र कॉम्प्युटरवर आलं, मग तिचे फोनही येईनासे झाले. लेकीचं पत्र परक्याकडून वाचून घ्यायचं? छे! ते तसंच पडून राहिलं. घर इतकं गप्प झालं, की स्वतःच्या खोकल्याने काका दचकत.

“झालं. आता वाचा काहीही.”

काकांनी पत्र उघडायला लावलं. यंत्र त्यांच्या कानात वाचू लागलं.

‘बाबा, मी तासभर रडून सांगत होते आणि तुम्ही कपाटाच्या वर बघत बसलात. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. माझं तोंडच बघायचं नसेल, तर मी येऊ कशाला?’

काकांनी ते तीनदा ऐकलं. त्यांना भडभडून आलं.

“पोरी, एक नंबर लावून दे.”

फोन उचलला गेला. “बोला,” पलीकडून तुटक आवाज आला.

“माझे डोळे गेलेत गं. तुझ्यापासून लपवलं, चुकलोच मी. कपाटाच्या वर बघितलं, तरच तू दिसत होतीस.”

ती फोन ठेवून देईल म्हणून काका घाईघाईने म्हणाले,

“जाताना बॅग डाव्या खांद्यावर घेतलीस. उजवा अजून दुखतो का?”