लॅपटॉपचा आवाज

नेवयानाचा नवरा आंधळा होता, म्हणून त्याचा लिनक्सवाला लॅपटॉप पडद्यावरचं अक्षरन्अक्षर मोठ्याने वाचायचा. त्याच्या श्राद्धाला वाटायचे उकडलेले गोड गहू टेबलावर तसेच होते आणि पुतण्या कामेन तिच्यासाठी व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम टाकत होता. दर ओळीला लॅपटॉप मध्येच बोलत होता. “काकू, हा बडबड्या डोकं उठवतोय. काढून टाकू?” “टाक बाबा.” कामेनने कमांड दिली. सपाट आवाज म्हणाला, “वाचणारा प्रोग्रॅम काढायचा? हो की नाही?” “स्वतःच्याच मरणाची परवानगी मागतोय लेकाचा!” कामेन हसला. नेवयानाने ‘हो’ दाबलं. आवाज बंद पडला. ओळी मुकाट्याने सरकत राहिल्या. शेवटी पडद्यावर प्रश्न आला. कामेनचा हात थांबवून ती खिडकीजवळच्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. तशाच सपाट आवाजात तिने वाचून दाखवलं, “काम झालं. लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा? हो की नाही?”