पिवळा लावतोय

केबिनचा शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. गंजून पार मुरला होता. चष्मेवाल्यानं त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि वाट बघत बसला. दिवसभर दुकानात चष्म्यांच्या दांड्या बसवणाऱ्या माणसाला बारीक स्क्रू काही नवे नव्हते. पण हा ट्रक उघडायला त्याला वर्ष लागलं होतं.

ट्रक भिंगरीचा. भिंगरी त्याची एकुलती एक मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव. ट्रक मूळचा तिच्या मामाचा, त्याच्या लहानपणचा, रिमोटवर पळणारा. मामानं तो माळ्यावरून काढला, दुरुस्त केला, लाल रंग दिला आणि भाचीच्या हातात ठेवला. एका दुपारी तो खालच्या मैदानात पळता पळता अचानक डावीकडे वळला आणि फाटकातून थेट रस्त्यावर गेला. भिंगरी त्याच्यामागे धावली. समोरून टेम्पो आला. ट्रक गटारात पडला म्हणून वाचला.

"तुमच्या भंगारानं माझी पोर नेली," चष्मेवाला सगळ्यांदेखत मेव्हण्याला म्हणाला होता. तेव्हापासून मामानं या घराची पायरी चढली नव्हती. बायकोची लेकही गेली आणि माहेरही तुटलं.

शेवटी तिनंच फडक्यात गुंडाळलेला ट्रक काढून टेबलावर ठेवला.

"उघडून बघा एकदाचा. खोट निघाली तर मी दादाचं नाव काढणार नाही. नाही निघाली, तर त्याला घरी बोलवायचं."

चष्मेवाल्याला खोट हवी होती, अगदी मनापासून हवी होती. एवढं दुःख कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय ठेवायचं तरी कुठे? त्यात एक गोष्ट त्याला आतून खात होती, आणि ती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्या दुपारी तो गॅलरीत बसून भिंगरीच्या वाढदिवसासाठी दुसरा जुना ट्रक चोरून बनवत होता. तिचा आवडता रंग म्हणून सगळं पिवळंधमक, टपापासून रिमोटशी जुळणी करणाऱ्या आतल्या चिमुकल्या क्रिस्टलपर्यंत. मामालाही त्यानं विचारलं नव्हतं, म्हटलं सगळ्यांनाच चकित करू. त्या दुपारी त्याचा रिमोट पहिल्यांदा हातात घेतला, चाकं हलली, आणि त्या आनंदात तो खाली बघायचंच विसरला. बाप गॅलरीत होता आणि त्याला पोर दिसली नाही.

स्क्रू निघाला. मग रोज दुकानातून आल्यावर तो त्या ट्रकशी बसू लागला. गटाराची माती ब्रशनं काढली. वायरी भिंगाखाली धरून तपासल्या. चाकं वळवणारी मोटर सुटी केली, पुसली, पुन्हा जोडली. दात्यांना नवं ग्रीस लावलं. सगळं ठणठणीत होतं. मामाच्या हातचं काम तर दृष्ट लागण्यासारखं. चष्मेवाल्याचा राग हळूहळू ओसरला आणि खाली नुसतं रडू उरलं.

तडकलेली केबिन चिकटवताना त्याला आठवलं, भिंगरीला ट्रकला दिवे हवे होते. "अंधारात तो घाबरतो बाबा," म्हणायची. त्यानं पुढे दोन दिवे बसवले. ट्रकचं बटण चालू केलं की ते लागायचे. बायकोनं ते बघितले आणि तोंडावर हात ठेवून आत निघून गेली.

मग फोन त्यानंच केला.

"दादा, तुमच्या ट्रकात काही खोट नाही. घरी या."

मामा आला. पार वाळला होता. दारातच बहीण त्याच्या गळ्यात पडली, आणि दार तसंच उघडं राहिलं. चष्मेवाल्याला माफी मागायची होती; त्यानं हात जोडले. मामानंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ट्रककडे बघून म्हणाला, चालवून बघू या का.

ट्रक जमिनीवर ठेवला. दिवे लागले. मामानं रिमोट उचलला आणि मोठ्यानं म्हणाला, "पिवळा लावतोय."

इतक्या दिवसांनी चष्मेवाल्याला हसू आलं. मामाची ही जुनी खोड. रिमोटमध्ये ज्या रंगाचं क्रिस्टल, त्याच रंगाचं ट्रकमध्ये, तरच ट्रक रिमोटचं ऐकतो, एवढं मामानं त्यालाही शिकवलं होतं. पण रिकाम्या खोलीतसुद्धा आधी रंग पुकारायचा आणि मगच बटण दाबायचं, हे काय खूळ? भिंगरीही तशीच. मैदानात एकटी असली तरी ओरडायची, "पिवळा लावतेय." अख्खी इमारत हसायची. त्या दुपारीही ते ऐकून तो गॅलरीत हसला होता.

ट्रक सरळ गेला, वळला, शहाण्यासारखा परत आला. मामानं रिमोट बंद करून मांडीवर ठेवला. वर्षभर झोप नाही म्हणाला.

"वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

"राहिलं असतं तर मला सापडलं असतं," चष्मेवाला म्हणाला. बायको भावाचा हात धरून रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं. ट्रकचे दिवे कुणाला विझवावेसे वाटले नाहीत.

मन हलकं झालं तसं चष्मेवाल्याला वाटलं, आता काहीच लपवायला नको. कपाटावरचं खोकं त्यानं खाली काढलं, आतला पिवळा ट्रक टेबलावर ठेवला आणि त्याच्या रिमोटमध्ये नवे सेल घातले. वाढदिवसाचं सगळं त्यानं सांगून टाकलं. बायको त्या पिवळ्या टपावरून बोटं फिरवत राहिली.

मामा एकाएकी ताठ बसला. "क्रिस्टल कुठल्या रंगाचं घातलंत?"

"पिवळं. तिचा आवडता," चष्मेवाला म्हणाला, आणि रिमोटचं बटण दाबून त्यानं दांडी पुढे रेटली, मग डावीकडे.

टेबलावरचा ट्रक अजून बंदच होता. जमिनीवरचा लाल ट्रक दिव्यांसकट डावीकडे वळला आणि उघड्या दारातून बाहेर गेला.